मावळच्या पावसात गिनी पिगाचं वाहणारं नाक

गिनी पिग जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडं ठेवून रात्र काढतो. या प्राण्याचा मऊ टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेला असतो आणि तोंडातून घशात उतरायला मध्ये एक लहानसं छिद्र तेवढं असतं. त्यामुळे नाकात शेंबूड साठला की श्वासाची वाट अडतेच, शिवाय भूकही जाते, कारण समोरचा पाला खायचा की नाही हे तो वासावरून ठरवतो. गिनी पिगाचं आतडं रिकामं राहून चालत नाही. दिवसरात्र थोडंथोडं गवत आत जात राहिलं तरच ते हलतं. एखादा दिवस काहीच गेलं नाही तर आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, आणि आठवड्यापूर्वी नुसता शिंकणारा प्राणी शेवटी पोटाच्या दुखण्याने जातो. घरच्यांना वाटतं, सर्दी होती आणि अचानक गेला. अचानक काही झालेलं नसतं.

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या मावळच्या पट्ट्यात हा प्राणी पाळणारी घरं आता आहेत. मुलांच्या हट्टापायी पुण्याच्या नाहीतर पिंपरी-चिंचवडच्या दुकानातून तो येतो. काही घरं बारमाही नांदती, काही शनिवार-रविवारपुरती उघडणारी. मावळातली पशुवैद्यकीय सेवा उभी राहिली ती गाय, म्हैस, बैल, शेळी आणि कोंबडी यांच्यासाठी, आणि शेतकऱ्यांच्या मुलखात ते रास्तच आहे. गिनी पिग तिथे पाहुणा ठरतो. त्याचं नाक वाहू लागलं की पुढचा क्रम ठरलेला. आधी ‘सर्दी झाली असेल’ म्हणून दोन-चार दिवस वाट पाहायची, मग औषधाच्या दुकानातून लहान मुलांचं पातळ औषध आणायचं, मग दवाखान्यात एक अँटिबायोटिक, त्याने उतार पडला नाही की दुसरं. महिन्याभराने निष्कर्ष निघतो की कारण सापडत नाही. उपलब्ध माहिती एकत्र ठेवून पाहिली की मला दिसतं ते असं: अशा बहुतेक प्रकरणांत शोध फक्त नाकात झालेला असतो. कारण मात्र पिंजऱ्याच्या हवेत, दाढांच्या मुळांत, रोजच्या चाऱ्यात किंवा घरातल्या कुत्र्याच्या घशात असू शकतं. मावळात तर हवेपासूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी काय नेहमीचं आणि काय नाही ते पाहू. गिनी पिगाच्या डोळ्यांतून अधूनमधून दुधासारखा पांढरा पातळ द्राव येतो. पुढचे पंजे त्यात ओले करून तो तोंड धुतो. हे निरोगीपणाचं लक्षण आहे आणि त्यावर औषध नको. गवताची गंजी विसकटताना एखाददुसरी शिंक येते, तीही चालते. नाकपुडीशी सुकलेली खपली, घट्ट किंवा पिवळसर स्राव, डोळ्यांत चिपडं, श्वासाबरोबर येणारा खरखर आवाज, अंग फुगवून कोपऱ्यात बसणं, हे मात्र दुखणं. एक खूण बरेच जण चुकवतात. गिनी पिग नाक पंजांना पुसतो, त्यामुळे नाक स्वच्छ दिसतं आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झालेले असतात. ते पाय उलटून पाहावेत. स्राव एका नाकपुडीतून येतो की दोन्हींतून, हेही नोंदवावं. एकाच बाजूने सतत येत असेल तर दाढ किंवा नाकात अडकलेली वस्तू यांचा संशय वाढतो. दोन्हींतून येत असेल तर जंतू किंवा हवा. नियम पक्का नाही, पण डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

या नाकाविषयीचं बहुतेक ज्ञान घरांतून आलेलं नाही, प्रयोगशाळांतून आलं आहे. अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवलेला हा प्राणी सोळाव्या शतकात युरोपात गेला आणि एकोणिसाव्या शतकात जंतुशास्त्राच्या टेबलावर आला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, त्या कामात गिनी पिग होते. मुंबईच्या लोकांना प्लेगच्या लशीमुळे माहीत असलेले वाल्डेमार हाफकिन यांनी त्याआधी पॅरिसमध्ये पटकीची लस तयार करताना जंतूंचा जोर वाढवला तो गिनी पिगांच्या पोटातून ते पुन्हापुन्हा नेऊन. असे शेकडो प्राणी एकत्र ठेवायचे म्हटल्यावर त्यांच्यात न्यूमोनियाच्या साथी येऊ लागल्या. गुरांच्या टेक्सास तापाचा गोचिडांशी असलेला संबंध उलगडणारे अमेरिकी शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी १९१३ मध्ये या न्यूमोनियावर लिहिलं. त्यांनी जंतूंबरोबर भोवतालच्या परिस्थितीचाही विचार केला होता. तेव्हापासूनचा अनुभव हेच सांगत आला आहे की जंतू नाकात गुपचूप राहतो आणि प्राण्याची परिस्थिती बिघडली की डोकं वर काढतो.

त्या जंतूंमधला मुख्य म्हणजे बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका. कुत्र्यांच्या ‘केनेल कफ’ नावाच्या खोकल्यात हाच असतो. ससे आणि कुत्रे तो कोणतंही लक्षण न दाखवता नाकात वागवतात. गिनी पिगात तो पोचला की आठवड्याभरात नाक वाहणं, धाप आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. पिल्लं आणि गाभण माद्या यांत जास्त दगावतात. आता मावळातल्या बंगल्याचं चित्र पाहा. राखणीला कुत्रा असतोच, बऱ्याचदा दोन. दुकानातही ससे आणि गिनी पिग एकाच पिंजऱ्यात दिसतात, कारण दोघंही पाला खातात आणि दोघंही गरीब दिसतात. हा शेजार गिनी पिगाला महागात पडतो. कुत्र्याला नाकातून दिली जाणारी केनेल कफची लस जिवंत जंतूंची असते. लस दिल्यावर काही आठवडेही तो कुत्रा ते जंतू बाहेर टाकत राहू शकतो. लस जरूर द्यावी, पण त्या काळात कुत्रा आणि गिनी पिग यांच्यात बंद दार असावं.

स्ट्रेप्टोकॉकस न्युमोनिए हा दुसरा. माणसाच्या घशातही तो राहतो, म्हणून खोकणाऱ्या मुलाने गिनी पिगाला गालाशी धरू नये. क्लामिडिया कॅव्हिए मुख्यतः डोळे लाल करतो आणि त्याबरोबर नाकही वाहू शकतं. नेदरलँड्समध्ये गिनी पिगांच्या सहवासातल्या तीन माणसांना याच जंतूमुळे गंभीर न्यूमोनिया झाल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यामुळे डोळे आलेल्या गिनी पिगाला हाताळल्यावर साबणाने हात धुणं हा शिष्टाचार नव्हे, गरज आहे. गिनी पिगांचा स्वतःचा एक अॅडिनोव्हायरसही आहे. तो क्वचित उपद्रव देतो.

मग नाकातला स्राव काडीवर घेऊन तपासला की झालं? तसं होत नाही. जे जंतू आजार करतात तेच निरोगी गिनी पिगाच्या नाकातही सापडतात. अहवालात बोर्डेटेला आलं म्हणजे तो जंतू हजर आहे इतकंच कळतं. आत्ताचा स्राव त्याच्यामुळेच आहे हे सिद्ध होत नाही. उलट अहवाल कोरा आला म्हणजे जंतू नाही असंही नाही, विशेषतः आधी अँटिबायोटिक देऊन झालेलं असेल तर. म्हणून नमुना घ्यायचा तो पहिल्या गोळीच्या आधी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा होतो आणि ‘कारण सापडत नाही’ या निष्कर्षाचा पाया तिथेच घातला जातो.

आता मावळची हवा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, घाटमाथ्याच्या कडेवर. तिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चौसष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो ७०० च्या आसपास. पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ अशी खोरी पूर्वेकडे उतरतात तसतसा पाऊस झपाट्याने कमी होतो. तळेगावचा पावसाळा लोणावळ्याच्या मानाने सौम्यच. गिनी पिगाला मानवणारी हवा १८ ते २४ अंश तापमानाची आणि साधारण ४० ते ७० टक्के आर्द्रतेची. जुलै-ऑगस्टच्या लोणावळ्यात तापमान या हद्दीत बसतं, म्हणून लोकांना वाटतं की थंड हवेच्या प्राण्याला थंड हवेचं गाव मानवेल. आर्द्रता मात्र आठवडेच्या आठवडे नव्वद टक्क्यांच्या वर असते. भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, कपडे चार दिवस वाळत नाहीत. त्याच खोलीत जमिनीपासून चार बोटांवर एक नाक चोवीस तास श्वास घेत असतं.

ओलीने दोन गोष्टी होतात. एक, अमोनिया. गिनी पिग खूप मुततो. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करणारे जंतू कोरड्या बिछान्यात मंद असतात, ओल्यात जोमात. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून खिडक्या बंद, पिंजऱ्यावर प्लास्टिक टाकलेलं, काही घरांत तर माशांची जुनी काचेची टाकीच पिंजरा म्हणून वापरलेली. वास आत कोंडतो. अमोनियाने नाकाच्या आतली नाजूक त्वचा जळजळते, धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस काम सोडतात, आणि आधीपासून गप्प बसलेल्या जंतूंना मोकळं रान मिळतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये १९७० च्या दशकात हे नीट दाखवलं गेलं आहे की अमोनिया वाढला तर तेच जंतू जास्त गंभीर आजार करतात. घरातल्या माणसांना हा वास येत नाही, कारण त्यांच्या नाकाला तो सवयीचा झालेला असतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला विचारावं, किंवा स्वतः पिंजऱ्याच्या तळाशी नाक नेऊन पाहावं. डोळ्यांना झोंबलं तर स्रावाचं अर्धं कारण सापडलं.

दुसरी गोष्ट बुरशी, आणि तिचा संबंध बिछान्याशी. मावळ हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख, त्यामुळे भाताचा पेंढा आणि तूस दोन्ही मुबलक आणि स्वस्त. कोंबड्यांच्या शेडमध्ये तूस पसरतात, म्हणून गिनी पिगाखालीही ते घातलं जातं. तूस कडक, टोकदार आणि सिलिकाने भरलेलं. कोरडं असताना त्याची बारीक धूळ उडते, ओलं झालं की खालून कुबट वास मारतं. गिनी पिगासाठी ते मला पसंत नाही. सुताराकडचा रंध्याचा भुसा मोठ्या सालपटांचा असतो, तो त्यातल्या त्यात बरा. करवतीचा पिठासारखा भुसा मात्र थेट नाकात जातो. लाकूड कोणतं तेही विचारावं. देवदार आणि चीड-पाइनसारख्या वासाच्या लाकडांतली उडणारी द्रव्यं श्वासमार्गाला त्रास देतात, आणि तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत येणाऱ्या पॅकिंगच्या पेट्या बऱ्याचदा पाइनच्याच असतात. पावसाळ्यात सर्वांत सोपं म्हणजे जाड सुती किंवा लोकरी कापडाचे तुकडे, खाली वर्तमानपत्राचे थर, आणि रोज बदल. कापड वाळत नाही ही अडचण खरी आहे. त्यासाठी तुकडे जास्त ठेवावे लागतात आणि शेवटचा हात इस्त्रीचा द्यावा लागतो.

पेंढ्याचंही तसंच. उडवीतला वरचा पेंढा पावसात भिजून काळा पडतो, मधला कोरडा दिसतो पण झटकला की धुरासारखी पूड उडते. ती पूड बुरशीच्या बीजाणूंची. गाय ती खाऊन पचवेलही, गिनी पिगाने मात्र तोंड घालून त्यातच बसायचं असतं. पावसाळ्यासाठीचं वाळलं गवत मे महिन्यात भरून हवाबंद डब्यांत ठेवावं, दर आठवड्याला लागेल तेवढंच बाहेर काढावं, आणि ज्या मुठीला कुबट वास येतो ती सरळ खतात टाकावी.

पाऊस सरला की दुखणं सरत नाही, त्याचं रूप बदलतं. दिवाळीच्या सुमाराला भाताची झोडणी सुरू होते आणि खाचरांलगतच्या घरांत बारीक तुसाची धूळ येते. पाठोपाठ थंडी. लोणावळ्यात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा वर जातो. हा चढउतार गिनी पिगाला सततच्या थंडीपेक्षा जास्त बाधतो. मग कोंबडीच्या पिलांसाठी लावतात तसा बल्ब पिंजऱ्यावर लटकवला जातो. बल्ब लावायचा असेल तर तो पिंजऱ्याच्या एकाच टोकाला, म्हणजे गरम झालं की त्याला दुसरीकडे सरकता येईल. उन्हाळ्यात डोंगरउतारांवर वणवे लागतात आणि भाताच्या रोपांची जमीन तयार करायला खाचरांत पालापाचोळ्याचा राब भाजतात. राबाचा धूर हा मावळच्या शेतीचा जुना भाग आहे आणि शेतकऱ्याने तो करावा की नाही हे शहरातून आलेल्याने त्याला शिकवू नये. पण त्या संध्याकाळी खिडकी बंद करून गिनी पिगाला आतल्या खोलीत नेता येतं. घरातल्या धुराला तर तेवढंही निमित्त नाही. डासांची अगरबत्ती, धूप, कापूर, आणि नाक मोकळं व्हावं म्हणून मायेने दिलेली ओव्याची किंवा वेखंडाची धुरी, हे सगळं चोंदलेल्या नाकाला आणखी सुजवतं. छातीला लावायचा बाम तर त्याच्या पिंजऱ्याजवळही नको.

शनिवार-रविवारच्या घरांचा प्रश्न निराळा आहे. गिनी पिग पुण्या-मुंबईच्या कोरड्या, वातानुकूलित खोलीतून गाडीत बसतो, एसीच्या झोतात लोणावळा गाठतो, महिनाभर बंद असलेल्या ओलसर बंगल्यात दोन रात्री काढतो आणि परत जातो. प्रवास, अनोळखी वास, कुत्र्याचं भुंकणं हे त्याच्यासाठी भयच आहे आणि भयाने प्रतिकारशक्ती खालावते. तीन-चार दिवसांनी, म्हणजे घरी परतल्यावर, नाक वाहू लागतं आणि लोणावळ्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. ज्या घरांत ‘काही कळत नाही, अधूनमधून होतं’ अशी तक्रार असते, त्यांनी फक्त कॅलेंडर समोर घ्यावं. अशा प्राण्याला शहरात ओळखीच्या माणसाकडे ठेवून जाणं हाच उपचार.

चाऱ्याकडे वळलं की क जीवनसत्त्व आधी येतं. गिनी पिगाचं शरीर आपल्यासारखंच ते तयार करू शकत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे खलाशांच्या बेरीबेरीचा शोध घेत होते. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगांना त्यांच्यापुढे स्कर्व्ही झाली, आणि पुढे क जीवनसत्त्वाचा शोध त्या वाटेने गेला. कमतरता उघड दिसण्याआधी ती नाकाच्या आणि हिरड्यांच्या त्वचेत असते: जखम भरत नाही, जंतू टिकून राहतो, केस विस्कटतात, चालताना सांधे दुखतात. वजनाच्या दर किलोला रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. तयार गोळीखाद्यात ते घातलेलं असतं, पण साधारण तीन महिन्यांत त्याचा जोर जातो, आणि उघड्या पिशवीत दमट हवा लागली तर त्याहून लवकर. दुकानात सुटं मिळणारं खाद्य कधीचं आहे हे कुणालाच माहीत नसतं. पाण्यात घालायचे थेंबही लवकर निकामी होतात. आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे. पेरूत दर १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास हे जीवनसत्त्व असतं, म्हणजे एक लहान फोड दिवसाला पुरते. पेरूचा हंगाम नसेल तेव्हा हिरवी सिमला मिरची. आवळ्याचा इवलासा तुकडाही चालतो, बहुतेक गिनी पिगांना तो आंबट लागतो. शेवग्याच्या पाल्यात क जीवनसत्त्व भरपूर आहे, पण कॅल्शियमही तितकंच, आणि गिनी पिगाला मूतखडा लवकर होतो. तो पाला आठवड्यातून एखादी काडी एवढाच.

दाढांचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सर्वांत जास्त चुकतो तोच. गिनी पिगाचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत तासन् तास चघळलं तरच ते झिजतात. मऊ काकडी, गाजर, पोळीचा तुकडा, दुकानातलं दाण्यांचं मिश्रण यांवर वाढलेल्या प्राण्याच्या दाढा झिजत नाहीत. त्या वर तोंडात वाढतात आणि मुळांच्या बाजूनेही सरकतात. वरच्या दाढांची मुळं नाकाच्या पोकळीला आणि अश्रूंच्या नळीला लागून असतात. मूळ वर दाबलं गेलं की डोळा पाणावतो, तिथे पू झाला की तो नाकात उतरतो. नाक तपासलं तर नाकात पूच दिसणार. अँटिबायोटिकने आठ दिवस बरं वाटणार, औषध थांबलं की पुन्हा तेच. थांबून थांबून एकाच बाजूने परतणारा स्राव दिसला की दाढा पाहायलाच हव्यात, आणि पुढचे दोन पांढरे दात ठीक आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. त्याचं तोंड अरुंद, गालांची कातडी आत दुमडलेली. जागेपणी मागच्या दाढा नीट दिसतच नाहीत. भूल देऊन लहान दुर्बिणीने पाहणं आणि कवटीचा एक्स-रे, जमलं तर सीटी स्कॅन, एवढं केल्याशिवाय ‘दातांचं काही नाही’ असं म्हणता येत नाही.

मावळातल्या गवताची आणखी एक गोष्ट. पावसाळ्यानंतर डोंगरउतारांवर कुसळी गवत पिकतं. त्याची कुसळं आपल्या पायमोज्यांत घुसतात तशीच गिनी पिगाच्या नाकपुडीत घुसतात आणि पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. एकाएकी जोरजोरात शिंका, पंजाने एकच नाकपुडी ओरबाडणं, कधी रक्ताचा थेंब, मग एका बाजूचा घट्ट स्राव, अशी ती कहाणी असते. डोंगरावरून कापून आणलेलं गवत ऑक्टोबरनंतर निवडून द्यावं. हरळी, मारवेल, नेपियरचे कोवळे धांडे चालतात. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज नको, कारण तिथेही कॅल्शियम जास्त.

वयस्क गिनी पिगात आणखी काही शक्यता असतात. फुप्फुसातल्या गाठी, ज्या बहुतेक साध्या असतात. हृदयाचं दुखणं, ज्यात श्वासाचा आवाज येतो आणि नाकावर संशय जातो. मधल्या कानातला पू, जो मान एका बाजूला कलल्यावरच लक्षात येतो. एप्रिलच्या उकाड्यात तळेगावच्या पत्र्याखालच्या खोलीत लाळ गळून हनुवटी आणि नाक ओलं झालेला प्राणी सर्दीचा नसतो, उष्माघाताचा असतो. त्याला सावली, वारा आणि साध्या पाण्याने ओले केलेले कान-पाय मिनिटांत मिळायला हवेत.

आता औषधाचं, आणि इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही आपल्या घरांत सहज सापडणारी औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगाला मारू शकतात. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू ती पुसून टाकतात, मागे क्लोस्ट्रिडियम वाढतो आणि त्याच्या विषाने काही दिवसांत प्राणी जातो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने पेनिसिलिनची ती प्रसिद्ध चाचणी उंदरांवर केली. १९४३ मध्ये गिनी पिगांना पेनिसिलिन घातक असल्याचं प्रसिद्ध झालं. पहिल्या चाचणीला उंदरांऐवजी गिनी पिग घेतले असते तर कदाचित ते औषध तिथेच बाजूला पडलं असतं. मुलाच्या उरलेल्या बाटलीतलं गुलाबी अमॉक्सिसिलिन दोन थेंब पाजणाऱ्या आईची माया खोटी नसते, पण परिणाम तोच होतो. पशुवैद्य एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, डॉक्सिसायक्लिन अशांतून निवड करतात. मात्रा वजनावर ठरते आणि ती त्यांनीच ठरवायची. घरी करायची कामं निराळी आहेत. कोमट पाण्याच्या कापसाने खपली हळूच भिजवून काढणं. घरात असेल तर नेब्युलायझरमधून नुसत्या सलाइनची वाफ दहा-पंधरा मिनिटं देणं. खात नसेल तर भिजवलेलं गोळीखाद्य सिरिंजने थोडंथोडं भरवणं. आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करणं. मोठा गिनी पिग ७०० ते १,२०० ग्रॅमचा असतो. दहा टक्के वजन उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, मग नाक कसंही दिसो.

हे सगळं करूनही काही प्राण्यांत कारण हाती लागत नाहीच. हवा सुधारली, बिछाना बदलला, दाढा पाहिल्या, एक्स-रे स्वच्छ, वजन टिकून, आणि तरी हवापालटात पातळ पाणी येतं. जुन्या संसर्गाने नाकातली नाजूक पडद्यांसारखी हाडं एकदा खराब झाली की ती पूर्ववत होत नाहीत, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. असा प्राणी खातो, खेळतो, ओरडून कोथिंबीर मागतो. त्याला अँटिबायोटिकचे आणखी कोर्स देऊ नयेत. शोध पूर्ण झाल्यावरचं ‘कळत नाही’ आणि शोधाआधीचं ‘कळत नाही’ यांत फार अंतर आहे, आणि पाळणाऱ्याने डॉक्टरांना विचारायचं ते हेच, की आपण यांपैकी कुठे आहोत.

दुकानांची जबाबदारीही यात आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या नियमांत कुत्रा, मांजर, ससा यांच्याबरोबर गिनी पिगाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि प्राण्यांची नोंद ठेवायची आहे. ग्राहकाने ती नोंदणी पाहायला मागितली, सशांच्या पिंजऱ्यातला गिनी पिग घ्यायला नकार दिला, आणि नवा आणलेला प्राणी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवला, तर मावळात येणारी बरीच दुखणी पुण्यातच अडतील.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हा प्राणी अपरिचित असेल, तरी श्वास मोजणं (निरोगी गिनी पिगाचा मिनिटाला साधारण ४० ते १००), छाती ऐकणं, पोट चाचपणं हे त्यांना कुणापेक्षाही चांगलं येतं. धाप लागलेल्या प्राण्याला आधी तिथेच न्यावं. दाढा आणि सीटीसाठी पुण्यातले लहान विदेशी प्राणी पाहणारे मोजके डॉक्टर गाठावे लागतात. त्यापलीकडे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आणि मुंबईचं १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अचानक मेलेल्या गिनी पिगाचं शवविच्छेदन करून घेण्याची सवय आपल्याकडे नाही. ती लावून घ्यायला हवी, कारण घरात त्याचा जोडीदार असतो, आणि त्याच्या नाकात काय आहे हे मेलेल्याच्या फुप्फुसावरून कळू शकतं. शव बर्फात ठेवून, गोठू न देता, त्याच दिवशी पोचवावं लागतं.

हे पत्ते आणि फोन नंबर मे संपायच्या आत लिहून ठेवावेत. जुलैतल्या रविवारी भुशी धरणाच्या बाजूने उतरणाऱ्या गाड्यांनी लोणावळ्याचे रस्ते तासन् तास तुंबतात, आणि धाप लागलेल्या गिनी पिगाला तेवढा वेळ नसतो. शनिवारी सकाळी वजन उतरलेलं दिसलं तर संध्याकाळची वाट न पाहता निघावं. त्याला न्यायच्या डब्यावर कोरडं फडकं घालावं, खाली टॉवेल, कोपऱ्यात मूठभर गवत आणि सिमला मिरचीची फोड, आणि एसीचा झोत दुसरीकडे वळवलेला.